शेळी, भुंगा की फूल?

वाचकहो, क, म, ब आणि ङ ही चार व्यंजने ओळीने मांडून, त्यांतले स्वर मुद्दाम गाळून, मी तुम्हांला म्हटले की आता हा शब्द वाचून दाखवा, तर तुम्ही माझ्या प्रकृतीची चौकशी कराल. मलायी माणूस मात्र डगमगणार नाही. त्याच्यापुढे चार वाटा आहेत. ‘कांबिङ’ वाचले तर शेळी. ‘कुंबाङ’ वाचले तर भुंगा. ‘कंबाङ’ म्हणजे उमलणे, आणि ‘कंबुङ’ म्हणजे फुगणे. पोट फुगते तसे! एखाद्या विरही तरुणाने आपले हृदय उमलल्याचे कळवावे आणि चिठी वाचणारीने उलट टपाली ओव्याचा अर्क धाडावा, असा प्रकार या लिखाणात सहज घडू शकेल.

हे लिखाण ज्या लिपीतले, तिचे नाव जावी. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या किनाऱ्यांवर बोलली जाणारी मलायी भाषा अरबी अक्षरांत लिहिण्याची ही रीत निदान सहा-सातशे वर्षांची आहे. अरब व्यापारी त्या साऱ्या मुलखाला ढोबळपणे ‘जावा’ म्हणत, म्हणून तिकडची ती ‘जावी’. खुद्द जावा बेटावरची भाषा वेगळी. ती अरबी अक्षरांत लिहिली की तिला पेगोन म्हणतात. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे लिप्यांचे वेड ठाऊक आहे. एरवी ते पाऊण पानात आवरावे लागते; दिवाळीला संपादकांनी हात सैल सोडला आहे, तेव्हा आज जरा लांबचा प्रवास.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त क्वालालंपूरला असतो. त्याने तिकडच्या नोटेचे छायाचित्र पाठवून विचारले, “सर, इथे उर्दू कशी?” मी त्याला कळवले की बाबा रे, ती उर्दू नव्हे, आणि त्यातला मधला शब्द तुझ्या घरचाच आहे. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेचे नाव ‘बँक नगारा मलेशिया’. हा नगारा वाजवायचा नाही. हे आपले संस्कृत ‘नगर’. समुद्र ओलांडून गेले आणि वाढता वाढता ‘राष्ट्र’ झाले. बँक युरोपातली, नगर संस्कृतातले, अक्षरे अरबस्तानातली. आणि तिन्ही एका ओळीत इतकी सुखाने नांदतात की हे जावयाचे घर की सासऱ्याचे असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मलायी भाषेत असे संस्कृत शब्द शेकड्यांनी आहेत. भाषा ‘बाहासा’ झाली, गुरू गुरूच राहिला, आगम ‘आगामा’ होऊन त्याचा अर्थ धर्म झाला. उपवास ‘पुआसा’ झाला आणि रमजानच्या रोजालाही तोच शब्द चालतो. दोष ‘दोसा’ झाला तो पाप या अर्थाने. आणि संसार? ‘सङसारा’ म्हणजे मलायीत हालअपेष्टा. हा अर्थ मी प्राध्यापक-कक्षात सांगितला तेव्हा विवाहित मंडळींनी तो एकमताने मंजूर केला.

आता अक्षरांकडे येऊ. अरबी वर्णमालेत च, प, ग, ङ आणि ञ नाहीत, आणि मलायीचे तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. यातला च इराण्यांनी आधीच तयार करून ठेवला होता: जीमच्या पोटात एकाऐवजी तीन टिंबे. तो जसाच्या तसा उचलला. प मात्र मलायी लोकांनी स्वतःच्या बुद्धीने केला. इराणी लोक ‘बे’च्या खाली तीन टिंबे देतात, यांनी ‘फे’च्या डोक्यावर दिली. ग साठी इराणी लोक काफला आणखी एक फाटा फोडतात. यांनी एका टिंबावर भागवले. नूनवर एक टिंब असते, तिथे तीन केली की ञ. आणि सगळ्यांत चतुराईचा ङ. अरबीत ‘ऐन’ हे घशाच्या तळातून काढायचे अक्षर आहे. मलायी शब्दांत त्याला काही काम नव्हते. या रिकाम्या बसलेल्या गृहस्थाच्या डोक्यावर तीन टिंबांचे ओझे दिले आणि त्याला ङ च्या कामावर लावले.

मराठीच्या अध्यापकाला इथे थोडा मत्सर वाटतो. आपल्या वर्णमालेत ङ आणि ञ हे दोघे पेन्शनर आहेत. वर्गाच्या शेवटी खुर्ची टाकून बसतात. वाङ्मयापुरते एकाला बोलावतात, दुसऱ्याला तेवढेही नाही. तिकडे हेच दोघे गावचे कर्ते पुरुष. ‘ञाञी’ म्हणजे गाणे म्हणणे, ‘ङाङा’ म्हणजे आ वासणे. शब्दाच्या आरंभी ङ उच्चारण्याचा प्रयत्न दिवाळीच्या सुटीत अवश्य करून पाहावा. फराळाचे तोंड रिकामे असताना करावा.

व्यंजनांची सोय अशी लागली. खरा गुंता स्वरांचा. अरबीची घडण अशी की व्यंजनांचा सांगाडा दिसला की जाणत्याला शब्द कळतो. ऱ्हस्व स्वर लिहिण्याची गरज भासत नाही. दीर्घ स्वरांसाठी अलिफ, वाव आणि ये ही तीन अक्षरे. मलायीत स्वर सहा, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. मग वाव हा उ साठीही आणि ओ साठीही. ये हा इ साठीही आणि ए साठीही. अलिफ आ साठी. सहावा स्वर म्हणजे जवळजवळ आपला ‘अ’. त्याला ते ‘पपत’ म्हणतात. त्याला अक्षरच नाही. जुने लेखक तर या तीन मदतनिसांनाही जपून वापरीत. ‘ओराङ’ म्हणजे माणूस. जुन्या पोथीत अलिफ, रे, ङ एवढ्यावर माणूस उभा केलेला असतो.

आपल्याकडच्या महाजनी लिपीची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. पेढीवरून चिठी आली, काकाजी अजमेर गये. घरच्यांनी वाचले, काकाजी आज मर गये. आणि रडारड सुरू झाली. मोडी इतकी निर्दय नाही. पण तिच्यातही इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, आणि जलद लिहिणाऱ्या कारकुनाचा हात कुठे मोडतो आणि कुठे वळतो हे त्या हाताशी परिचय झाल्यावरच कळते. या साऱ्या लिप्यांना ‘अपूर्ण’ म्हणण्याची एक शहाणी चाल आहे. मला ती पटत नाही. त्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांना पुरत होत्या. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही भाषेत जन्मलेले, दोघांनाही विषय ठाऊक. वाक्यात कुरण असले की ती शेळी. वाक्यात मध असला की तो भुंगा. लिपीने फक्त खूण करायची, शब्द वाचकाच्या कानात आधीच असायचा. अडचण येते ती ज्याच्या कानात भाषा नाही अशा माणसाने कागद हातात घेतला म्हणजे.

शाळा निघाल्या आणि असा माणूस बाकावर येऊन बसला. मग नियम हवे झाले. ते बांधणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते जैनुल आबिदीन बिन अहमद यांचे. सारा मलाया त्यांना आद्याक्षरांवरून ‘झाबा’ म्हणतो. जन्म १८९५, मृत्यू १९७३, पेशाने शिक्षक, तांजुङ मालिमच्या अध्यापक विद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. त्यांच्या १९३१ सालच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो ‘जावी शुद्धलेखनाचे रहस्य’. शुद्धलेखनाच्या पुस्तकाला गुप्तहेराच्या कादंबरीचे नाव देणारा हा माणूस मला वाचण्यापूर्वीच आवडून गेला.

आणि रहस्य आहेच. एकच नमुना सांगतो. शब्दाच्या शेवटी आ आला तर अलिफ लिहायचा की नाही? उत्तर असे की साधारणतः लिहायचा नाही. ‘माता’ म्हणजे डोळा. तो मीम, अलिफ, ते एवढाच लिहायचा, शेवटचा आ वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. ‘नामा’ म्हणजे नाव, तेही तसेच. पण शेवटच्या आ च्या आधी दाल, रे, लाम, वाव किंवा ङ यांपैकी अक्षर असेल, तर अलिफ हवाच. ‘बुङा’ म्हणजे फूल. त्याला शेवटी अलिफ. ‘चारा’ म्हणजे रीत; तिलाही अलिफ. या पाच अक्षरांची आठवण राहावी म्हणून ती ओळीने जोडून एक निरर्थक शब्द केला आहे, ‘दर्लुङ’. मधल्या वावचा उ होतो. पाणिनीचे प्रत्याहार पाठ केलेल्यांना इथे आपले माणूस भेटल्यासारखे होईल. नोटेवरचा नगारा याच सूत्राने वाजतो: न पुढे पपत म्हणून काही नाही, ग पुढे अलिफ, र हा दर्लुङातला म्हणून शेवटी पुन्हा अलिफ.

नियम आला की अपवाद आलाच. ‘इनी’ म्हणजे हे आणि ‘इतू’ म्हणजे ते. दोन्हींचा शेवटचा स्वर लिहायचाच नाही: अलिफ-ये-नून, अलिफ-ये-ते, खलास. रोज हजार वेळा लागणारे शब्द कोणत्याच भाषेत नियमाला भीक घालीत नाहीत.

पण मुलांना खरा घाम फुटतो तो पुढच्या नियमाने. अरबीतून आलेला शब्द अरबी पद्धतीनेच लिहायचा. ‘इल्मू’ म्हणजे विद्या. मलायी जीभ शेवटी स्पष्ट उ म्हणते, पण लिहायचे ऐन, लाम, मीम. म्हणजे शब्द लिहिण्यापूर्वी तो कुठला रहिवासी हे ठाऊक हवे. हे वाचून तुम्हांला हसू आले असेल तर ते आवरा. ‘फूल’ दीर्घ आणि ‘गुण’ ऱ्हस्व का, हे मी दरवर्षी शिकवतो. फूल मराठी, गुण तत्सम! मुलाने फुलाला हात लावण्यापूर्वी त्याचे गोत्र विचारायचे. ज्याला संस्कृत येत नाही त्याने शुद्ध मराठी कशी लिहावी, आणि ज्याला अरबी येत नाही त्याने शुद्ध मलायी कशी लिहावी, हा एकच प्रश्न दोन समुद्रांच्या काठी उभा आहे. दोन्हीकडे उत्तर एकच मिळते, पाठ करा.

एका गोष्टीत मात्र दोन्हीकडची मंडळी काटकसरी. मलायीत शब्द दोनदा म्हणून अनेकवचन करता येते: ‘ओराङ-ओराङ’ म्हणजे माणसे. जावीत शब्द एकदाच लिहून पुढे दोनाचा आकडा टाकण्याची चाल आहे. आपल्या जुन्या पुस्तकांत ‘हळू २’ छापलेले असे, अगदी तसे. तिकडे रोमन लिखाणानेही हा आकडा उचलला होता. १९७२ साली इंडोनेशिया आणि मलेशिया यांनी रोमन लेखनाचे सामाईक नियम ठरवले, तेव्हा तो गेला. जावीत अजून भेटतो.

रोमन लिपीला तिकडे ‘रूमी’ म्हणतात. आपल्या शेजारी गोव्यात रोमन अक्षरांतल्या कोंकणीला ‘रोमी’ म्हणतात, आणि आल्बुकर्कने १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का घेतली होती, हे दोन्ही एकत्र आठवले की मौज वाटते. पण मलायातली रूमी बळकट झाली ती इंग्रजांच्या काळात. विल्किन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १९०४ साली तिचे लेखननियम बांधून दिले, सरकारी शाळांत ती रुजली. १९५० साली सिंगापुरात स्थापन झालेल्या ‘आसास ५०’ या तरुण लेखकांच्या संघटनेनेही तिचाच पुरस्कार केला. छपाईला सोपी, सर्व जातिधर्मांच्या लोकांना शिकायला सोपी. कारणे खोटी नव्हती. १९६३ च्या राष्ट्रभाषा कायद्याने रूमी ही राष्ट्रभाषेची लिपी ठरली, आणि त्याच कलमात जोडून दिले की जावीला यामुळे मनाई होणार नाही. सासूबाईंना घरात राहू द्यावे पण किल्ल्या सुनेकडे, अशी ही तरतूद.

रूमीने सगळे प्रश्न सुटले म्हणावे, तर तसेही नाही. पपत आणि ए या दोन्ही स्वरांना रोजच्या रोमन लिखाणात एकच अक्षर आहे. ‘पराङ’ म्हणजे युद्ध आणि ‘पेराङ’ म्हणजे तपकिरी रंग, दोन्ही रोमनमध्ये एकसारखेच दिसतात. ‘सपाक’ म्हणजे थप्पड आणि ‘सेपाक’ म्हणजे लाथ (आपल्या वर्तमानपत्रांत येणाऱ्या सेपक टकरा या खेळातला तो शब्द), तेही तसेच. मार कसला पडला ते कळायला मार्ग नाही. आपल्या ‘जरा’सारखी ही गत: थोडेसे की म्हातारपण, ते वाक्यावरून ओळखा. जावीत मात्र ए साठी ये येतो आणि पपतला काहीच येत नाही, म्हणून थप्पड आणि लाथ निराळी राहते. अर्थात जावीचेही पाय मातीचेच: ‘बुरुङ’ म्हणजे पक्षी आणि ‘बोरोङ’ म्हणजे घाऊक खरेदी, ही दोन्ही अजूनही एकाच रूपात लिहिली जातात.

‘अजूनही’ म्हणतो याचे कारण मध्यंतरी मोठी दुरुस्ती झाली. १९५६ साली स्थापन झालेली ‘दवान बाहासा दान पुस्ताका’ ही तिकडची भाषासंस्था. नावात दिवाण आहे, भाषा आहे आणि पुस्तक आहे, मग आणखी काय पाहिजे! १९८४ साली तेरङ्गानू इथे जावीविषयी परिषद भरली आणि १९८६ साली या संस्थेने नवी नियमावली काढली. तिच्या नावात ‘सम्पुर्ना’ हा शब्द आहे, म्हणजे आपले ‘संपूर्ण’. शुद्धलेखन संपूर्ण झाले असे म्हणण्याचे धैर्य आपल्या कोणत्याही समितीने केलेले नाही. दुरुस्तीचे मुख्य सूत्र असे की स्वर मोकळ्या हाताने लिहावे. आरंभीचे आपले कोडे तिने सोडवले: शेळीला शेवटी ये मिळाला, भुंग्याला आरंभी वाव, फुगण्याला शेवटी वाव, आणि उमलणे तेवढे पूर्वीसारखे चार व्यंजनांचे राहिले.

हे चांगले झाले. पण कोणासाठी झाले ते पाहा. ज्याने आधी रोमनमध्ये मलायी वाचली आणि मग जावी शिकायला घेतली, त्याच्यासाठी ही दुरुस्ती आहे. त्याला दुकानाची पाटी वाचता येते. त्याच्या हाती शंभर वर्षांपूर्वीची पोथी द्या. तिच्यात स्वर नाहीत, आणि त्याला वाटते की लिहिणारा अडाणी होता. हे मला तर्काने कळलेले नाही. आपल्याकडे १९६२ साली नवे नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने हरिभाऊ आपट्यांची जुनी आवृत्ती चाळून मला विचारले, “सर, या पुस्तकात छपाईच्या इतक्या चुका का आहेत?” चुका म्हणजे टिंबे. तिचा दोष नव्हता. आम्ही तिला नवा नियम शिकवला होता आणि जुनी पुस्तके वाचायला दिली नव्हती. मोडीचे तर बोलायलाच नको. दप्तरखान्यांत रुमालांचे ढीग आहेत आणि वाचणारे बोटांवर मोजावेत.

जावीचे दप्तरही लहानसहान नाही. तर्नाते बेटाच्या बालसुलतानाने १५२१ आणि १५२२ साली पोर्तुगालच्या राजाला पाठवलेली पत्रे जावीत आहेत; ती लिस्बनला जपून ठेवली आहेत. १७५८ साली बटाव्हियात छापलेले मलायी बायबल जावीत आहे. सिंगापूरचे ‘जावी पराणाकान’ हे मलायी भाषेतले पहिले वृत्तपत्र १८७६ साली निघाले, आणि ते काढणारे हिंदी-मलायी मिश्र वंशाचे लोक होते. १८४९ साली शिळाछापावर निघालेले आत्मचरित्र लिहिणारे मुन्शी अब्दुल्ला यांच्या अंगातही अरबी आणि तमिळ रक्त होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आपल्या मुंबईच्या शिळाछापखान्यांतून जावीतली धार्मिक पुस्तके छापून मलायाकडे जात. १९३९ साली सिंगापुरात ‘उतुसान मलायू’ हे जावी दैनिक काढणाऱ्यांतले युसुफ इशाक पुढे त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची छबी तिथल्या नोटांवर आहे. ते पत्र क्वालालंपूरला गेले, पुढे साप्ताहिक झाले आणि २००६ साली बंद पडले.

हा पसारा मी मुद्दाम मांडला. व्यापार, राजकारण, वर्तमानपत्रे, ख्रिस्ती धर्मग्रंथ, सगळे या लिपीने वाहिले. आज मलेशियात तिचे मुख्य घर धर्मशिक्षणाचा वर्ग हे आहे. ब्रुनेईत रस्त्यावरच्या पाट्यांवर ती आहे, दक्षिण थायलंडच्या पट्टणीत आहे. पण बहुसंख्य मलायी लोकांचा रोजचा व्यवहार रूमीत चालतो. म्हणूनच २०१९ साली, चिनी आणि तमिळ माध्यमांच्या शाळांतही चौथीच्या मलायीच्या पुस्तकात जावीचा परिचय घालायचे ठरले, तेव्हा वादळ उठले. धर्म मागल्या दाराने येतो आहे, अशी पालकांना धास्ती वाटली. सहा पानांची तीन पाने झाली आणि तीही पालकांच्या संमतीवर ठेवली गेली. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचल्यावर मला वाटले की ही धास्ती तीन पानांनी निर्माण झालेली नाही. लिपीचा बाजार बंद झाला, तिचे वर्तमानपत्र बंद झाले, आणि मग ती एकाच खोलीत उरली; त्या खोलीत न जाणाऱ्याला ती परकी वाटणारच. अंगात तमिळ रक्त असलेल्या माणसाने तिच्यात आधुनिक मलायी गद्याचा पाया घातला, हे त्या तीन पानांत सांगितले असते तर कदाचित कोणी तमिळ मूल ते आवडीने वाचते.

शेवटी तेरङ्गानूच्या शिळेचे सांगायचे राहिले. १८८७ साली कुआला बेराङजवळ नदीच्या पुरानंतर ती सापडली. जावीतला हा सर्वांत जुना लेख मानतात. २००९ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात तिची नोंद केली. कर्जदार आणि सावकार यांनी कसे वागावे, व्यभिचाराला काय शिक्षा, असे इस्लामी कायदे तिच्यावर कोरलेले आहेत. आणि ईश्वराला शब्द वापरला आहे ‘देवाता मुलिया राया’. अरबी अक्षरांतली ही ‘देवता’ वाचताना मी थोडा थांबलो होतो. लेखाला तारीखही आहे: शुक्रवार, रजब महिना, सन सातशे दोन, म्हणजे इसवी १३०३. पण सन अक्षरी लिहिला आहे आणि ‘दुआ’ म्हणजे दोन, या शब्दाशी दगड फुटला आहे. मलायीत ‘दुआ पुलुह’ म्हणजे वीस, आणि जुन्या भाषेत ‘दुआ लापान’ म्हणजे आठ. तेव्हा पुढे काही होते की नव्हते, यावर पंडितांचा वाद आहे, आणि काही जण ही तारीख १३८७ पर्यंत पुढे नेतात. फुटलेला तुकडा मिळालेला नाही.